पाणी कुठवर आलं होतं?

शाळेच्या स्मरणिकेसाठी मनोगत द्या म्हणून फोन आला, तेव्हा स्नेहसंमेलनं, बक्षिसं, सहली असं काहीबाही आठवायला हवं होतं. मला आठवला तो आठवी ब चा फळा.

सप्टेंबर 2008. गंगेला मोठा पूर आला होता. (आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरगावी गेलेल्यांच्या मुलांसाठी एवढा खुलासा.) नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडाली, गावातल्या बाजारपेठेत पाणी शिरलं, शाळेला सुट्टी. शाळा उघडली त्या दिवशी मराठीच्या बाईंनी धडा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी कुठवर आलं होतं? पाच ओळी लिहा."

आता हा प्रश्न नाशिकमध्ये अवघड नाही. पूर मोजायला आपल्याकडे मारुती उभाच आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं अशा बातम्या घरोघर येत राहतात आणि छातीला लागलं की सराफ बाजार, भांडीबाजारात माल माळ्यावर चढायला लागतो. माझ्या आजोबांचं माप आणखी जुनं, सरकारवाड्याच्या पायऱ्या आणि नदीकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा. त्यांनी 1969 चा पूर पाहिला होता, आणि तो पाहिलेला माणूस नंतरच्या कुठल्याच पुराला पूर म्हणत नाही.

मी वडिलांबरोबर होळकर पुलाजवळच्या गर्दीत जाऊन पूर बघून आलो होतो. पेपर वाचून गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं तेही लिहिलं. उत्तर आपलंच पहिलं येणार याची खात्री होती. बाईंनी वाचलं आणि विचारलं, "क्युसेक म्हणजे?" मला येईना. मग त्यांनीच सांगितलं, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28 लिटर. "दोन बादल्या समज. आता तुझ्या आकड्याला दोनने गुण आणि तेवढ्या बादल्या दर सेकंदाला ओतून बघ." वर्ग हसला. मीही हसलो, पण कान लाल झाले होते.

मग बाई एकेकाचं उत्तर फळ्यावर लिहीत गेल्या. पंचवटीतल्या मुलीचं होतं, "आमच्या जिन्याची चौथी पायरी. आजीने देव वर नेले, आजोबांना मागाहून." पूजेच्या साहित्याचं दुकान असलेल्या मित्राचं होतं, "कुंकवाच्या डब्यांपर्यंत." सिडकोतल्या एकाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की पूर आलाच नाही, नळाला पाणी मात्र आलं नाही.

शेवटच्या बाकावरच्या मुलाची एकच ओळ होती. त्यांची झोपडी नदीकाठी होती आणि पूर आल्यापासून ते सगळे पालिकेच्या एका शाळेत राहत होते. त्याने लिहिलं होतं, "पाणी कुठवर आलं ते बघितलं नाही, आम्ही पळालो."

बाईंनी तेही इतरांसारखंच फळ्यावर लिहिलं. कोणाचं बरोबर ते सांगितलं नाही. तास संपेपर्यंत फळा तसाच ठेवला आणि पुढच्या तासाच्या सरांना पुसायला लावला. (सर वैतागले होते.)

पुढच्या शनिवारी त्यांनी आम्हाला त्या पूजेच्या दुकानात नेलं. सुतळी आणि फूटपट्टी घेऊन. मित्राचे वडील म्हणाले, "बाई, छातीएवढं पाणी होतं!" बाईंनी विचारलं, "तुम्ही उभे कुठे होतात?" ते रस्त्यावर उभे होते आणि दुकानाचा ओटा चांगला दोन फूट उंच. भिंतीवरचा डाग एक उंची सांगत होता, कपाटाच्या काचेवरची गाळाची रेघ त्याच्या वीतभर खाली होती. भिंत खोटं बोलते हे मला तेव्हा कळलं. विटा पाणी शोषतात, ओल वर चढत जाते. काच पाणी पीत नाही, म्हणून तिच्यावरची रेघ खरी.

आज माझं पोट याच गोष्टीवर चालतं. विम्याच्या दाव्यांसाठी नुकसानीची पाहणी करतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये गंगा पुन्हा चढली तेव्हा मी शिकाऊ होतो, आणि घाईत एका किराणा दुकानदाराचं पाणी मी भिंतीवरून मोजलं. उंची जास्त लागली. वरिष्ठांनी फोटोतली फ्रीजच्या दारावरची गाळाची रेघ दाखवली आणि मला परत पाठवलं. दुकानदार माझ्यावर चिडला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर तरंगलेली साखरेची पोती होती, तिथे मी टेप घेऊन इंच कमी करत होतो. तेव्हापासून टेप काढण्याआधी मी बाईंचा प्रश्न विचारतो. आमच्या फॉर्ममध्ये त्या उत्तराला रकाना नाही, मी ते समासात लिहितो.

गेल्या वर्षी बॅचच्या गेट-टुगेदरला शेवटच्या बाकावरचा तो भेटला. आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. फळ्याची गोष्ट काढली तर त्याला ती आठवेना. त्याला आठवत होती आईच्या डोक्यावरची पत्र्याची पेटी, धाकट्या भावाची एकच चप्पल, आणि त्या शाळेत रोज मिळणारी पातळ खिचडी. चहा संपत आला तेव्हा त्याने विचारलं, "तेव्हा मारुती किती बुडाला होता रे?"

मी सांगितलं, "पूर्ण."

"असं का," तो म्हणाला, आणि टेम्पोची किल्ली शोधायला लागला.