सासूबाईंच्या खोलीची लादी

आमचं घर चिपळूणजवळच्या गावात. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर कौलं, जोतं जेमतेम दीड फुटाचं. सासूबाईंची झोपायची खोली माजघराला लागून, पावसाच्या बाजूला. पूर्वी तिथे सारवलेली जमीन होती. पुढे सासऱ्यांनी तिच्यावर सिमेंटचा कोबा करून घेतला. त्या कोब्याला दर पावसाळ्यात ओल यायची. चटई उचलली की खालची बाजू काळी, गादीला कुबट वास. दोन वर्षांपूर्वी जुलैत आई पहाटे उठल्या आणि पाय सरकून पडल्या. हाड मोडलं नाही, पण मनगट महिनाभर बांधलेलं होतं. या पावसाळ्यानंतर लादी बदलायचीच, हे त्याच दिवशी ठरलं.

माझ्या डोक्यात आधी लाकडी दिसणारं लॅमिनेट होतं. पुण्याला दिरांच्या बेडरूममध्ये आहे, पायाला गार लागत नाही, दिसतंही छान. पण त्याचा गाभा लाकडाचा भुसा दाबून केलेला असतो आणि पाणी लागलं की तो फुगतो. चिपळुणातल्या एका मैत्रिणीकडे दुसऱ्याच पावसाळ्यात सांधे वर आलेले मी बघितले होते. पायाची बोटं अडावीत इतके. मग व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकच्या चिकटवायच्या फरशीचा विचार केला. व्हिनाइल पाण्याने खराब होत नाही, हे खरं. पण खालून ओल आली तर चिकटवलेला गोंद सुटतो आणि ओल आतल्या आत कोंडून राहते.

शेवटी आमच्या नेहमीच्या गवंड्याला बोलावलं. तो खोलीत उकिडवा बसला, कोब्यावर तळवा टेकवून म्हणाला, "वहिनी, वर काय घालायचं ते मागाहून बघू. आधी पाणी येतंय कुठून ते बघा." त्याने सांगितलं तसं दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर अंथरलं, चारही कडा टेपने बंद केल्या आणि रात्रभर ठेवलं. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब धरले तर ओल जमिनीतून, वरच्या अंगाला धरले तर हवेतून. सकाळी पाहिलं तर दोन्हीकडे थेंब! खाली तर कोबाच काळपट पडला होता.

माझ्या दृष्टीने खरी निवड त्या सकाळी झाली. जमिनीतली ओल कुठल्याही लादीने थांबणार नव्हती, त्यासाठी खालीच काम करायला हवं होतं. आणि हवेतला दमटपणा कोकणात जाणार नाही, तो गार लादीवर बसणारच. म्हणजे लादी अशी हवी की ओली झाली तरी पाय सरकू नये.

दुकानात गेल्यावर चकचकीत लाद्या उभ्या लावून दाखवतात. मी दुकानदाराला म्हटलं, खाली ठेवा. मग बाटलीतलं पाणी ओतून, चपला काढून मी एकेका लादीवर उभी राहिले. ग्लॉसीवर तळवा लगेच सुटायचा. बाथरूमसाठीच्या अगदी खरखरीत लादीवर पाय घट्ट बसत होता, पण तिच्यावर फडकं फिरवलं तर धागे अडकले. त्यात मळ बसला असता. न घसरण्याचं एक माप असतं, आर नऊपासून आर तेरापर्यंत. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. आम्ही मॅट फिनिशची, आर दहाची व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली लादी घ्यायची ठरवली. व्हिट्रिफाइड लादी स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी पिते, त्यामुळे तिच्या अंगात ओल मुरत नाही. शहाबादी आईंच्या आवडीची, पण ती पाणी पिते.

रंगाचा निर्णय मात्र आईंनी घेतला. दोन नमुने घरी आणून त्यांच्या पलंगाशेजारी चार दिवस ठेवले होते. एक पांढरट, बारीक ठिपक्यांचा. मला तोच हवा होता. दुसरा साधा, ओल्या मातीसारखा. तिसऱ्या दिवशी आईंच्या हातून रक्तदाबाची गोळी निसटली आणि ठिपक्यांच्या लादीवर पडली. ती इवलीशी पांढरी गोळी त्यांना काही केल्या दिसेना. मी उचलून दिली, तर त्यांनी मुद्दाम ती मातकट लादीवर टाकली, चष्मा न लावता लगेच बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही घे. हिच्यावर पडलेलं मला दिसतं."

काम फेब्रुवारीत काढलं, जमीन सुकलेली असताना. कोबा फोडला, फूटभर खणलं, वाळवीचं औषध मारलं. मग दगडांचं सोलिंग, म्हणजे दगड रचून ठोकलेला थर, त्यावर कच वाळूचा थर, त्यावर अडीचशे मायक्रॉनचं प्लास्टिक भिंतीवर थोडं चढवून, आणि वर चार इंच काँक्रीट. सात दिवस पाणी मारलं, पुढे तीन आठवडे सुकू दिलं. लाद्या दोन बाय दोनच्या घेतल्या. खोली दहा बाय अकरा, म्हणजे ११० चौरस फूट. तुटफूट दहा टक्के धरून १२१, आणि स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीला, १३. एका खोक्यात चार लाद्या, साधारण साडेपंधरा चौरस फूट, म्हणून नऊ खोकी लागत होती. मी दहा घेतली, सगळी एकाच बॅचची. पुढे एखादी फुटली तर तीच छटा परत मिळत नाही.

लाद्या बसल्यावर दुसऱ्या दिवशी नाणं घेऊन एकेक वाजवली. पलंगाच्या पायाशी दोन पोकळ वाजल्या. गवंड्याने सुरुवातीला नाही म्हटलं, पण मी हटले नाही. उचलल्यावर दिसलं, मधोमध माल लागलाच नव्हता. तिथे पलंगाचा पाय टेकला असता तर लादी तडकली असती. दोन्ही नव्याने बसवल्या. माजघर आणि खोली यांच्यात पूर्वी बोटभर उंचवटा होता, तोही काढून सलग पातळी केली.

पहिला पावसाळा पार पडला. जूनच्या सुरुवातीला तीन-चार सकाळी लादीला घाम आला, तेव्हा पंखा लावून कोरडं फडकं फिरवलं. खालून मात्र एक थेंब नाही. आई परत चटई टाकून वाती वळायला खाली बसतात, चटईची खालची बाजू कोरडी असते. भिंतीचा खालचा वीतभर भाग अजून ओला होतो. पागोळ्यांचं पाणी बाहेरून चिऱ्यांत मुरतं. त्या बाजूला पन्हळ लावून पाणी लांब सोडायचं आहे, ते काम दिवाळीनंतर धरलंय.