ज्यूरीत बसले, पण खटला चाललाच नाही

इथे अमेरिकेत मला ज्यूरीसाठी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटासाठी, बोलावणं आलंय, असं फोनवर सांगितल्यावर आई घाबरलीच. "अगं, तुला कशाला कोर्टात बोलावलं?" तिच्या पिढीला ज्यूरी म्हटलं की १९५९चा नानावटी खुनाचा खटला आठवतो. ज्यूरीतल्या नऊपैकी आठ जणांनी निर्दोष म्हटलं आणि उच्च न्यायालयाने ते फिरवून जन्मठेप दिली. भारतात आपण पुढे ती पद्धतच सोडली. इथे मात्र नागरिकत्व घेतलं की हे पत्र कधीही येऊ शकतं.

ज्यूरी निवडण्यासाठी सकाळभर न्यायाधीश आम्हाला प्रश्न विचारत होते. पोलीस साक्षीदार असेल तर त्याचं जास्त खरं मानाल का? घरात कुणाला गुन्ह्याचा फटका बसलाय का? माझ्या एका बाजूला स्कूलबस चालवणारे आजोबा, दुसऱ्या बाजूला रात्रपाळी करून आलेली नर्स. "समोरचा माणूस आत्ता निर्दोष आहे. दोषी असल्याचं सिद्ध करायचं ते सरकारने," न्यायाधीश म्हणाले. ज्यूरीतल्या बाराही जणांचं एकमत हवं. मला खरंच भरून आलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर आम्हाला घरी जायला सांगितलं. आरोपीने सरकारी वकिलांशी तडजोड करून गुन्हा कबूल केला होता.

यात नवल काहीच नाही. राज्यांच्या कोर्टांत ९४ टक्के आणि केंद्रीय कोर्टांत ९७ टक्के दोषसिद्धी अशा कबुलीतूनच होतात, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२च्या निकालात लिहिलंय. खटला लढून हरलात तर कित्येक वर्षं आत, कबूल केलंत तर बरीच कमी. जामिनाचे पैसे नसले तर खटल्याची वाटही तुरुंगातच बघायची.

कलीफ ब्राउडरने कबुली द्यायला नकार दिला. २०१०मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉन्क्समध्ये पाठीवरची सॅक चोरल्याच्या आरोपावरून त्याला पकडलं, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. जामीन ३,००० डॉलर, घरच्यांना ते जमले नाहीत. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात तो जवळजवळ तीन वर्षं होता, त्यातली सुमारे दोन एकांतकोठडीत. कबूल कर आणि घरी जा, असंही त्याला सांगून झालं. तो म्हणत राहिला, मी चोरी केलेली नाही. २०१३मध्ये आरोप मागे घेतले, खटला उभाच राहिला नाही. २०१५मध्ये, २२व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. इलिनॉयने २०२३मध्ये पैशांचा जामीन पूर्ण बंद केला, असं करणारं ते पहिलं राज्य. बाकी बहुतेक ठिकाणी तो अजून आहेच.

आमच्या आरोपीने इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. ज्यूरीचं मन कलुषित होऊ नये म्हणून आरोपीला तुरुंगाच्या कपड्यांत खटल्याला बसायची सक्ती करता येत नाही, हा १९७६चा निकाल. त्यामुळे तो सकाळी घरून आला होता की कोठडीतून, हे आम्हाला कळलंच नाही.