ऑपरेशन झालेली भाटी पुन्हा माजावर येते तेव्हा

वय दीड वर्ष, वजन ३ किलो, डाव्या कुशीत जेमतेम दीड सेंटीमीटरचा जुना व्रण. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या काकी आपल्या भाटीला, म्हणजे मादी मांजराला, घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पिशवी काढलीया न्हवं डॉक्टर? मग ही रातभर का वरडतीया?" ऑपरेशन सात महिन्यांपूर्वी दुसरीकडे झालेलं. काय काढलं, कोणत्या धाग्यानं बांधलं, भूल कशाची दिली, याची एका ओळीची चिठ्ठीही हातात नाही. आपल्या जिल्ह्यात म्हशीला कृत्रिम रेतन केलं तरी त्याची नोंद होते. मांजरीचं पोट उघडलं तर होत नाही.

माज गर्भाशयामुळे येत नाही, अंडाशयामुळे येतो. पिशवी पूर्ण निघाली, पण अंडाशयाचा काही मिलिमीटरचा तुकडा रक्तपुरवठ्यासकट आत राहिला, तर तो पुन्हा कामाला लागतो. कधी काही आठवड्यांत, कधी काही वर्षांनी.

पण आधी हा माजच आहे का, हे ठरवावं लागतं. मांजर दुखण्यानंही ओरडतं, लघवी अडली तरी ओरडतं. दवाखान्यात ते घाबरून गप्प बसतं, त्यामुळे तपासणीच्या टेबलावर माजाची लक्षणं बघायला मिळतीलच असं नाही. म्हणून घरचा व्हिडिओ मागवला. नातवानं पाठवलेल्या चित्रीकरणात सगळं स्पष्ट होतं: छाती जमिनीला, मागचा भाग वर, शेपटी एका बाजूला, मागचे पाय जागच्या जागी चाललेले. काकींनी दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाशेजारी तारखाही लिहून ठेवल्या होत्या. आठवडाभर ओरडणं, मग दोन-तीन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच. अशी नोंद मिळाली की निम्मं निदान झालेलंच असतं.

उरलेलं काचपट्टीवर होतं. सलाईनमध्ये ओला केलेला बारीक कापसाचा बोळा योनिमार्गात हलक्या हातानं फिरवायचा आणि काचपट्टीवर लोळवायचा. घासला तर पेशी फाटतात. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर बहुतेक पेशी कोनेदार, केंद्रक आक्रसलेलं किंवा नाहीसं, पेशींमागची जागा स्वच्छ. शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे माज आणणारं हार्मोन, असल्याशिवाय हे चित्र दिसत नाही. घरात कुणी बाई त्वचेला लावायचं हार्मोनचं जेल वापरते का, हेही विचारलं, कारण ते चाटूनही मांजरीत अशी लक्षणं येतात. तसं काही नव्हतं.

मधल्या काळात कुणीतरी त्यांना माज थांबवायच्या गोळ्या देऊन ठेवल्या होत्या. या गोळ्या दुकानात सर्रास मिळतात आणि सर्रास दिल्या जातात, याची मला मनापासून चीड आहे. त्यात प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध असतं. त्यानं मांजरीचे सड एकाएकी सुजून लिंबाएवढे होतात, मधुमेह होऊ शकतो, गर्भाशयाचा तुकडा उरला असेल तर त्यात पू होतो. काकींनी त्या अजून चालू केल्या नव्हत्या, हे नशीब.

अशा केसमध्ये घाईनं पोट उघडण्यात अर्थ नसतो. माजाच्या दिवसांत तुकड्यावर पाणीदार पुटकुळ्या असतात, त्या चरबीत सहज निसटतात. बीज सुटल्यावर तिथं पिवळसर-नारिंगी गाठी तयार होतात आणि त्या डोळ्यांना लगेच दिसतात. मांजरीत बीज समागमानंतर सुटतं, आपोआप सुटेलच असं नाही, म्हणून इंजेक्शन द्यावं लागतं. त्यासाठीचं बुसेरेलिन कोल्हापुरात शोधावं लागत नाही, गाई-म्हशींसाठी ते ठेवलेलंच असतं. मिलीला ४ मायक्रोग्रॅमचं औषध गाईला २.५ ते ५ मिली देतात. ३ किलोच्या भाटीला ०.४ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो या हिशोबानं ०.३ मिली. इन्सुलिनच्या सिरिंजनं मोजलेलं बरं. इंजेक्शननंतर सातव्या दिवशी रक्त घेऊन, त्या नारिंगी गाठींतून निघणारं प्रोजेस्टेरॉन तपासलं. मिलीला २ नॅनोग्रॅमच्या वर आलं म्हणजे अंडाशय आत आहे. इथं ते त्याच्या कितीतरी वर होतं. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन ठरवलं.

पुन्हा डाव्या कुशीतून जायचा प्रश्नच नव्हता. कुशीतला छेद वाईट असतो असं नाही. पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीत तो चांगला, कारण दुधाच्या ग्रंथींना धक्का लागत नाही. भटक्या मांजरीला सोडल्यावर लांबूनही टाके दिसतात. पण डाव्या छेदातून उजवं अंडाशय बघायचं तर ते गर्भाशयाच्या शिंगाला, म्हणजे त्या बाजूच्या फाट्याला, धरून ओढत आणावं लागतं. छेद दीड सेंटीमीटरचा असेल तर ते पूर्ण वर येत नाही, आणि अर्ध्या दिसणाऱ्या अंडाशयावर चिमटा बसतो. छोट्या टाक्याचं कौतुक मालकांनी चढवलं आणि आमच्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मांजराची जखम कडेकडेनं जुळते, लांबीनं नाही. ६ सेंटीमीटरचा छेदही २ सेंटीमीटरच्या छेदाइतक्याच दिवसांत भरतो.

मधोमध, बेंबीच्या वरपासून खाली लांब छेद घेतला. भूल दिल्यावर डोळे उघडे राहतात, म्हणून मलम. घशावर बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा मारून अर्धा मिनिट थांबून मगच ३.५ नंबरची श्वासाची नळी, नाहीतर स्वरयंत्र आवळतं. अंगाखाली कपड्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या, कारण एवढं लांब पोट उघडं ठेवलं की हे छोटं शरीर पटापट थंड पडतं.

आतडी उपसून शोधत बसायची गरज नसते. उजव्या बाजूला लहान आतड्याचा पहिला भाग उचलून डावीकडे घ्यायचा; त्याच्या पडद्याआड बाकीची आतडी आपोआप अडकून राहतात आणि उजवी किडनी उघडी पडते. तिच्या मागच्या टोकाशी बघायचं. डावीकडे हेच काम मोठ्या आतड्याचा पडदा करतो. डावी बाजू स्वच्छ होती, गर्भाशयाचं टोकही स्वच्छ. उजवीकडे किडनीमागे चरबीत काळ्या रेशमी धाग्याची गाठ होती, आणि त्या गाठीच्या आत, शरीराच्या बाजूला, ५ मिलिमीटरचा तुकडा. त्यावर दोन नारिंगी गाठी. रक्तवाहिन्या तुकड्याच्या पलीकडे दोनदा बांधल्या, कापल्या, चिमटा सैल करून रक्त येत नाही हे बघितलं आणि मगच टोक आत सोडलं. मूत्रवाहिनी तिथून जवळच जाते. तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाठ मारायची नाही.

मांजरीत मूळ अंडाशयाशिवाय त्याला धरून ठेवणाऱ्या बंधनातही कधी अंडाशयाचा जास्तीचा अंश असतो, आणि पोटात सुटून पडलेला तुकडाही रुजू शकतो. त्यामुळे अंडाशय उरलं की प्रत्येक वेळी आधीच्या डॉक्टरला दोष देता येत नाही. इथं मात्र धाग्याची गाठ अंडाशयाच्या मधूनच बसलेली होती. पॅथॉलॉजीच्या अहवालातही अंडाशयाची ऊती आणि कापलेल्या कडेवर जुना व्रण आला. कुत्रीचं अंडाशय चरबीच्या पिशवीत झाकलेलं असतं, चूक समजू शकते. मांजरीचं जवळजवळ उघडंच असतं. काढलेली दोन्ही अंडाशयं गॉजवर ठेवून अख्खी आहेत का हे बघायला अर्धा मिनिट लागतो. आम्ही ती मालकाला दाखवतो, फोटो पाठवतो आणि कागदावर लिहून देतो. शिकताना आमचा सगळा भर गाई-म्हशींवर असतो हे खरं. पण गॉजवर बघायला पदवी लागत नाही.

घरी पाठवताना एकच गोष्ट तीनदा सांगितली: दुखतंय असं वाटलं तरी पॅरासिटामॉल द्यायचं नाही. माणसाची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. दुसऱ्या दिवशी भाटीनं खाल्लं. त्यानंतर ओरडणं नाही.

ही केस लिहिण्याएवढी मनात राहिली ती तिच्या बहिणीमुळे. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच हातांनी तिचंही ऑपरेशन झालं होतं. डाव्या कुशीत तेवढाच व्रण. ती अजून एकदाही ओरडलेली नाही. काकी म्हणतात, "हिचंबी उघडून बघा की." लक्षण नसताना मी उघडणार नाही. काकींनी दिनदर्शिकेवर दुसरी ओळ सुरू केली आहे, आणि ओरडली की त्याच दिवशी काचपट्टीसाठी आणायचं ठरलं आहे.