पावणेसहाच्या गाडीआधीची न्याहारी

आमची लेक अकरावी सायन्सला आहे. घर डोंबिवलीत, कॉलेज माटुंग्याला आणि पहिलं लेक्चर सात-दहाला, म्हणजे सहाच्या आतली गाडी पकडावीच लागते. बायको नर्स आहे. तिची सकाळपाळी असली की ती त्याहूनही आधी बाहेर पडते, त्यामुळे सकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे. कॉलेज सुरू झाल्यापासून मला रोज एकच वाक्य ऐकू यायचं, "बाबा, काही नको, गाडी चुकेल."

दिवाळीनंतर तिला स्टेशनचा जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.६. या वयाच्या मुलीचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली या रेषेखाली होत्या, म्हणजे हे घरोघरचं दुखणं आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "सकाळी काय खातेस?" अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. त्यानंतर थेट एक वाजता डबा. १६ ते १८ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह, १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) तक्ता सांगतो. सकाळ कोरी गेली तर उरलेल्या दोन जेवणांत हे बसवणं फार कठीण.

सुरुवातीला मी पोहे, उपमा, शिरा असं नेहमीचं करून पाहिलं. पदार्थ चांगलेच, पण त्यांना बशी लागते, चमचा लागतो आणि निवेपर्यंत बसायला वेळ लागतो. शिवाय पहाटे तिला भूकच नसायची. हे नखरे नव्हेत. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते, आणि पहाटे सव्वापाचला उठवलेल्या मुलीचं पोट अजून झोपेतच असतं. तिच्यामागे ताटली घेऊन फिरण्यात अर्थ नव्हता. लोकलमध्ये तर डबा उघडायलाही जागा नसते.

म्हणून न्याहारीचे दोन भाग केले. घरून निघताना चार घोट किंवा चार घास, आणि नऊच्या सुमाराला पहिल्या सुट्टीत खायला छोटा डबा. हे ठरलं आणि निम्मी लढाई संपली.

निघतानाच्या भागात सगळ्यात जास्त चाललेला पदार्थ म्हणजे पोळीचा लाडू. रात्रीच्या दोन पोळ्या हातानेच कुस्करायच्या, त्यात किसलेला गूळ, चमचाभर तूप, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचा कूट आणि भाजलेले तीळ. मळून दोन लाडू वळायचे. आजी झोपलेली असते म्हणून मी मिक्सर लावत नाही, पण हाताने केलेला लाडू मऊ राहतो आणि जास्त चांगला लागतो. गुळातून लोह मिळतं असं सगळे म्हणतात, पण लाडवात पडणाऱ्या गुळाने फार फरक पडत नाही. खरी ताकद शेंगदाण्याची आणि तिळाची. हा लाडू ती बूट घालता घालता खाते.

उन्हाळ्यात त्याऐवजी आंबील. नाचणीचं पीठ पाण्यात कालवून रात्रीच शिजवून ठेवतो, सकाळी त्यात ताक, मीठ, जिरेपूड. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत इतकं दुसऱ्या कशात नाही. पण कॅल्शियम आणि लोह एकत्र पोटात गेले की लोह कमी शोषलं जातं, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीवर नेली, लिंबूपाण्याबरोबर. चहाही लोहाच्या आड येतो. तो सकाळचा बंद करून संध्याकाळी घरी आल्यावर दिला. यावर थोडी धुसफुस झाली, पण आता सवय झाली आहे.

डब्याचा भाग मला जास्त आवडतो. साताऱ्याहून आई भाजणी पाठवते. पीठ रात्री भिजवून फ्रीजमध्ये ठेवायचं, पण कांदा आणि मीठ सकाळीच घालायचं. रात्री घातलं तर कांद्याला पाणी सुटतं, पीठ सैल होतं आणि थालीपीठ तव्यावर फाटतं. तळहाताएवढी छोटी तीन थापली की एका तव्यावर एकदम होतात. दुसऱ्या दिवशी हिरव्या मुगाची धिरडी. मूग सकाळी भिजत घालायचे, रात्री आलं-मिरची घालून वाटून ठेवायचे. धिरड्याला आतून पुदिन्याची चटणी लावून गुंडाळी करतो, म्हणजे एका हातात धरून खाता येते. एक गोष्ट मात्र पाळायची: तव्यावरून थेट डब्यात भरायचं नाही. वाफ धरते आणि नऊ वाजता लगदा हाती येतो. जाळीवर दोन-तीन मिनिटं निवू द्यायचं, मग सुती रुमालात गुंडाळायचं.

शुक्रवारी दडपे पोहे. यात गॅसचं काम फक्त फोडणीपुरतं. पातळ पोह्यांत ओला नारळ, कांदा, टोमॅटो, लिंबू, कोथिंबीर कालवून वर फोडणी ओतायची आणि झाकण दाबून ठेवायचं. ती आवरेपर्यंत ते मुरतात. ओल्या नारळामुळे ते दुपारपर्यंत ठेवू नयेत, सुट्टीतच संपवायला सांगतो. उकडलेलं अंडं ती घरीच खाते, वर्गात वास येतो म्हणून नेत नाही, आणि तिचं बरोबर आहे. दुधात भिजवलेले ओट्स तिला गिळगिळीत वाटले, तो विषय तिथेच संपला. जे मुलीला आवडत नाही ते कितीही पौष्टिक असलं तरी डब्यातून तसंच परत येतं.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहतो. ती शेंगदाणे भाजते, मी कूट करून बरणी भरतो, आणि आठवडाभर काय हवं ते तीच सांगते. हे सांगणं तिच्याकडे गेल्यापासून डबा रिकामा येऊ लागला. परीक्षेच्या आठवड्यात ती फक्त लाडूच मागते, तेव्हा मीही दुसरा आग्रह धरत नाही.

मार्चमध्ये पुन्हा तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ११.९ होतं. यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे आणि डॉक्टरांनी त्या अजून चालू ठेवल्या आहेत. जिन्यावरची धाप मात्र थांबली आहे. आता सुट्टीत तिच्या दोन मैत्रिणींनाही लाडू लागतात, म्हणून रात्री कणीक भिजवताना मी चार पोळ्यांची वाढवून भिजवतो.