वहीतला सोमवार

छत्रपती संभाजीनगरात रेल्वेस्टेशनजवळ भाड्याने गाड्या देणाऱ्या एका ऑफिसात मी बुकिंग सांभाळतो. भांडणारे गिऱ्हाईक आम्हाला नवीन नाही. गाडी २१४ किलोमीटर फिरली तरी पैसे ३०० किलोमीटरचे का, हा वाद आठवड्यातून दोनदा तरी होतो. बाहेरगावच्या फेरीला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात आणि मोजणी ऑफिसातून निघाल्यापासून परत येईपर्यंतची असते, हे समजावून सांगितले की बहुतेक लोक कुरकुरत का होईना, पैसे देतात.

त्या सोमवारी संध्याकाळी आलेले गृहस्थ मात्र काहीही ऐकून घ्यायला तयार नव्हते. हिंगोलीकडून आपल्या वृद्ध वडिलांना अजिंठा दाखवायला आणलेले हे गृहस्थ, काउंटरवर हात आपटून, भरलेले दोन हजार रुपये परत मागत होते. ४,२०० रुपयांचे बिल त्यांनी हातातही घेतले नाही. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. जवळजवळ शंभर किलोमीटर जाऊन, फर्दापूरच्या फाट्यावर, जिथे खासगी गाड्या थांबवून पुढे बसने जावे लागते, तिथे त्यांना हे कळले. ड्रायव्हर नवा होता, त्यालाही माहिती नव्हती.

मी सवयीने पावतीमागची अट दाखवली : स्थळ बंद असल्यास ऑफिस जबाबदार नाही. मालकांचेही तेच म्हणणे होते. त्यावर आवाज आणखी चढला, बाहेरचे रिक्षावाले डोकावू लागले, आणि मीही दोन शब्द जास्त बोललो, ते मी बोलायला नको होते.

एवढा वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीवर शांत बसलेले त्यांचे वडील उठून काउंटरपाशी आले. त्यांनी बुकिंगची वही स्वतःकडे वळवली, ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "लेकरा, हे सोमवार तूच लिहिलं नं?"

अक्षर माझेच होते. फोनवर त्यांनी वार सांगितला, ठिकाण सांगितले, आणि मी दोन्ही एकाच ओळीत लिहून घेतले. सात वर्षे हेच काम करणाऱ्या माणसाला ती ओळ लिहिताना थांबावेसे वाटू नये, याचे उत्तर त्या छापील अटीत नव्हते. मी "चूक माझी आहे, काका," असे म्हणालो आणि मालकांना आत नेऊन बोललो. शेवटी डिझेलचे १,३०० आणि ड्रायव्हरचा भत्ता ३०० एवढेच घ्यायचे ठरले. उरलेले चारशे रुपये मी परत केले. मंगळवारी फक्त डिझेलवर गाडी देण्याचीही तयारी दाखवली, पण त्यांचे परतीचे तिकीट मंगळवारी सकाळचेच होते. मुलगा पैसे न मोजता खिशात घालून निघून गेला. वडील पायरी उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरले, बोलले काहीच नाहीत.

ते गेल्यावर मी वहीचे पुढचे पान उघडले. मंगळवारी सकाळी सातची गाडी, पुण्याहून येणारे कुटुंब, ठिकाण वेरूळ. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. हेही अक्षर माझेच. रात्रीचे साडेआठ वाजले होते. मी फोन लावला. पलीकडचे गृहस्थ, ऐनवेळी सांगितले म्हणून, बराच वेळ रागावून बोलत राहिले. मी सगळे ऐकून घेतले, आणि मंगळवारी अजिंठा, बुधवारी वेरूळ असे लिहून मगच वही मिटली.