फिरत्या पोस्ट ऑफिसचे शिक्के आणि माझी १६ पानं

टेनिसची चित्रं असलेली पोस्टाची तिकिटं बरेच जण जमवतात, मीही तेच करायचे, फिलिपिन्सचं १९३४ चं टेनिसवालं, ब्रिटनचं जानेवारी १९७७ चं साडेआठ पेनीचं, फ्रान्सचं १९७८ चं रोलां गॅरोसचं वगैरे. मग स्विस मोटार पोस्टाचा शिक्का असलेलं एक पाकीट हातात आलं, स्वित्झर्लंडमधल्या ग्स्टाडच्या टेनिस स्पर्धेचं, आणि तिकिटं बाजूलाच पडली.

ज्यांनी हा प्रकार बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्पर्धा आठवड्या-पंधरवड्याची, तेवढ्यासाठी कोण कायमचं ऑफिस बांधणार, म्हणून पोस्टखातं गाडीच आणून उभी करायचं, आत काउंटर, बाहेर पत्रपेटी, सगळं चाकांवर. ब्रिटनमध्ये हे १९३६ ला सुरू झालं, स्वित्झर्लंडमध्ये १९३७ ला, आणि स्विसांनी तर त्याच वर्षी त्या गाडीचं चित्र असलेलं १० सेंटिमचं तिकीटही काढलं. आज शेतकी प्रदर्शन, उद्या घोड्यांच्या शर्यती, परवा टेनिस अशी ती गाडी हिंडत राहायची. म्हणजे टेनिस हा तिच्या रस्त्यातला एक मुक्काम, आणि मला नेमके तेच मुक्काम हवे होते.

तर मी ठरवलं की याचं वन-फ्रेम करायचं. वन-फ्रेम म्हणजे तिकिटांच्या आणि पोस्टाच्या प्रदर्शनात एकाच फ्रेममध्ये मांडायची ए-फोरची १६ पानं. वाटलं महिनाभरात उरकेल... सहा महिने गेले! पहिले तीन आठवडे तर मी बॉर्डरचा रंग आणि फॉन्ट निवडण्यात घालवले आणि नंतर कळलं की पोस्टल हिस्ट्रीत, म्हणजे पत्रं, शिक्के, दर दाखवणाऱ्या स्पर्धेच्या विभागात, मांडणीला १०० पैकी फक्त ५ मार्क आहेत, ज्ञान आणि संशोधनाला ३५. हे आधी वाचायला हवं होतं, पण आपण नियम शेवटीच वाचतो.

मला शिकवणारे काका (वयाने आणि कलेक्शनने दोन्हीने मोठे) प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारायचे, "यात गाडी कुठाय?" रॅकेटचं चित्र छापलेलं पाकीट, खेळाडूची सही, स्पर्धेच्या नावाचा छानसा रबरी ठप्पा, यातलं काहीही त्यांना चालायचं नाही, कारण हे सगळं कुणीही खाजगीत करू शकतो. पोस्टाचा शिक्का दाखव, रजिस्टर असेल तर लेबलवरचं ऑफिसचं नाव दाखव, दर बरोबर लागलाय का ते दाखव, बस. ग्स्टाडचं पाकीट यात लगेच पास झालं, शिक्क्यातच मोटार पोस्ट लिहिलेलं आहे ना.

आता माझ्या लाडक्या कार्डाचं सांगते. सेंटर कोर्टचा फोटो, शिक्का विम्बल्डनचा, ३ जुलै १९५४, मजकुरात कुणीतरी बहिणीला पाय दुखतायत म्हणून लिहिलंय, आणि कोपऱ्यात विकणाऱ्याने पेन्सिलीने टिपून ठेवलेलं, 'मोबाइल पोस्ट ऑफिस, पुरुष फायनलचा दिवस'. मी लगेच आख्खं पान त्या वर्षीच्या विजेत्या ड्रोब्नीवर लिहून काढलं, तो चेकोस्लोव्हाकिया सोडून गेलेला, इजिप्तकडून खेळायचा, रोझवॉलला हरवून जिंकला, पहिला सेटच १३-११, काय मजा आली लिहायला. मग सहज तारीख तपासायला गेले तर ३ जुलैला शनिवार! ती फायनल झाली २ तारखेला, शुक्रवारी. त्या काळी पुरुषांची फायनल शुक्रवारीच असायची, १९६९ पासून शनिवारी आली आणि १९८२ पासून रविवारी. मी आपली आजच्या सवयीने फायनल म्हणजे वीकेंड असं धरून चाललेले आणि पेन्सिलवाल्यानेही बहुतेक तेच केलं असणार.

बरं, शनिवारी बायकांची फायनल होती, मॉरीन कॉनॉली विरुद्ध लुईस ब्रफ, कॉनॉलीचं सलग तिसरं विजेतेपद. हेही काही कमी नाही, मी हेडिंग बदललं, ड्रोब्नी काढला, कॉनॉली घातली आणि पान घेऊन काकांकडे गेले. त्यांनी भिंग लावलं, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "अगं, हा तर साधा विम्बल्डनचा रोजचा शिक्का आहे. यात गाडी कुठाय?"

मी वाद घातला. कार्ड गाडीच्या पेटीत टाकलं असेल आणि शिक्का मागच्या ऑफिसात बसला असेल, असं होऊ शकतं की नाही? ते म्हणाले होऊ शकतं, पण कागदावर ते दिसत नाही, आणि ज्यूरी, म्हणजे मार्क देणारे परीक्षक, तुझ्या मनातलं बघत नाहीत. मला राग आला, खरं तर त्यांचा नाही, त्या पेन्सिलीचा, कारण पैसे मी त्या ओळीचेच मोजले होते.

शेवटी त्या पानावर दुसरं एक रजिस्टर पाकीट आलं, दिसायला अगदी रडकं, कडा फाटलेल्या, मॅच कुठली हे सांगायला मलाच दोन ओळी लिहाव्या लागल्या. पण लेबल गाडीचं. काका ते बघून चक्क हसले.

कार्ड अल्बमच्या मागच्या खिशात ठेवलंय. पेन्सिलीची ओळ खोडलेली नाही, फक्त खाली माझ्या अक्षरात 'शनिवार' लिहिलंय.