टाच

काकडा, चाल, विसावा, हरिपाठ, तळ. वारीतल्या सासवडनंतरच्या तारखा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. दिवे घाट मात्र लख्ख आठवतो, तो टाचेमुळे.

पुणे ते सासवड टप्पा तीस किलोमीटरच्या वरचा. पावसात भिजलेले मोजे न बदलता मी घाट चढलो. ओला मोजा कातडीला चिकटतो, बूट आत-बाहेर हलतो आणि वरची कातडी सुटते. घाटाआधी वडकीला टाच हुळहुळली, तेव्हाच थांबून कोरडा मोजा आणि चिकटपट्टी लावायला हवी होती. पण रांग सोडायची नव्हती. आळंदी ते पंढरपूर एक पाऊलही गाडीत टाकायचं नाही, हे घरून ठरवून निघालो होतो. बढती झाली, घराचे हप्ते फिटत आले. तरी स्वतःचं म्हणावं असं काही हाती लागलं नव्हतं. हे तरी पुरं व्हावं, असं मनापासून वाटत होतं.

वाल्ह्याच्या वाटेवर दुपारी फोड रुपयाएवढा झाला. बाभळीखाली बसलो. मागून जोरात वाजणाऱ्या भोंग्याचाही राग येत होता. परभणीकडच्या एका मावशीने डोक्यावरची तुळस आधी धडुत्यावर नीट ठेवली, मग म्हणाली, "माउली, पाय दाव."

साबणाने टाच धुतली. माझ्याकडचं स्पिरिट सुईला लावलं. फोडाच्या कडेला, खालच्या अंगाला दोन भोकं. कापसाने हळूच दाबून पाणी काढलं, कातडी सोलली नाही. खालचा भाग उघडा पडला की चालणंच संपतं. "दोरा ठेवू का आत?" पुष्कळजण ठेवतात. पण दोऱ्यावाटे घाण आत जाते, म्हणून मी नको म्हटलं. मलम, गॉज, वरून पट्टी. एक सुरकुती पडली तर तिने ती पुन्हा काढून लावली. सुरकुतीखाली दुसरा फोड येतो.

"आता ट्रकात बस."

"मावशी, मला चालतच जायचंय."

"सांच्याला हरिपाठाला हुबं ऱ्हायचं का न्हाई?"

दिंडीच्या ट्रकात हंडे आणि वळकट्यांमध्ये बसलो. डोळे भरून आले. रस्ता उलटा पळत होता आणि माझं काहीतरी मोडलं होतं.

संध्याकाळी मात्र पूर्ण हरिपाठ टाळ धरून उभा होतो. पाय ठणकत नव्हता, टाळ चुकत नव्हता, शेजारच्याचा खांदा खांद्याला लागत होता. मला हवं होतं ते हेच होतं. फोनमधली पावलं त्या रात्री मोजली नाहीत, पुढेही नाहीत.

नीरास्नान, चांदोबाचा लिंब, फलटण, माळशिरस, वाखरी.

पंढरपुरात दर्शनबारी लांबवर गेली होती. मावशीने महाद्वारातून कळसाला हात जोडले, नामदेव पायरीला डोकं टेकवलं आणि तुळस उचलली. "येते माउली. शेतात खुरपणी खोळंबलीय."

मी तिच्या पिशव्या एसटी स्टँडपर्यंत नेल्या. परभणीच्या गाडीला अजून दोन तास होते. आम्ही फलाटावर बसून शेंगदाणे सोलले.